मॉर्मन चर्चमधला रविवार आणि ईस्टरची सभा: काय होतं, कसं आखायचं, कुठे चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मूळचं अहिल्यानगरचं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब सध्या युटामध्ये लीहायला राहतं. शेजारच्या मॉर्मन कुटुंबाने त्यांना रविवारी चर्चला बोलावलंय आणि घरात गाणारी माणसं आहेत हे कळल्यावर ईस्टरच्या गायनवृंदातही घेतलंय. त्यांना विचारायचं आहे की नेहमीच्या रविवारी नेमकं काय चालतं, ईस्टरला वेगळं काय असतं, उत्तम शुक्रवारची उपासना कुठेच का दिसत नाही, आणि कार्यक्रम आखायला हातभार लावायचा तर कशाकशाकडे लक्ष द्यायचं.

आधी नावाचं उरकून घेऊ. 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे या संस्थेचं पूर्ण नाव. 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेएट गावी स्थापना झाली, मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. 2018 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल एम. नेल्सन यांनी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून बरेच सभासद स्वतःला मॉर्मन म्हणवून घेत नाहीत. शेजाऱ्यांशी बोलताना 'तुमचं चर्च' म्हटलंत तरी भागतं. याच मुळातून निघालेली 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' ही वेगळी संस्था आहे, मिसूरीतल्या इंडिपेंडन्सची. तिथे लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) धरून उपासना-वर्ष पाळतात आणि प्रभुभोजन सहसा महिन्याच्या पहिल्या रविवारी होतं. खाली जे लिहितोय ते पहिल्या संस्थेविषयी.

इथे कुठल्या मंडळीत जायचं हे आपण निवडत नाही, पत्त्यावरून वॉर्ड, म्हणजे स्थानिक मंडळी, ठरतो. लीहायसारख्या ठिकाणी एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड भरतात, एक सकाळी 9 ला, दुसरा साडेदहाच्या सुमारास, तिसरा दुपारी. जानेवारीत या वेळा आपसांत फिरतात, त्यामुळे गेल्या वर्षीची वेळ धरून जाऊ नका. इमारत बघून तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल. क्रूस नाही, मेणबत्त्या नाहीत, वेदीही नाही. पुढे व्यासपीठ, ऑर्गन, आणि एका बाजूला पांढऱ्या कापडाने झाकलेलं लांबट टेबल. मागची घडीची भिंत सरकवली की बास्केटबॉलचं कोर्ट असलेला हॉल उघडतो. गर्दी झाली की तिथे लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडतात. ईस्टरच्या दृष्टीने हा हॉल फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो. टेंपल म्हणजे देऊळ ही निराळी इमारत, ती रविवारी बंद असते. ईस्टरची उपासना देवळात होत नाही, साध्या सभागृहातच होते.

बिशप म्हटलं की आपल्याकडे सबंध धर्मप्रांताचा प्रमुख डोळ्यांपुढे येतो. इथे बिशप म्हणजे एका वॉर्डाचा पाळक, तोही बिनपगारी. आठवडाभर तो दातांचा डॉक्टर असेल नाहीतर सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. दोन सल्लागार त्याच्या हाताखाली असतात. प्रवचन करणारा ठरावीक पाळक नसतो. वॉर्डातल्याच माणसांना एक-दोन आठवडे आधी सांगून बोलायला उभं करतात, बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींनासुद्धा. त्यामुळे भाषणांचा दर्जा एका रविवारी फार चांगला, दुसऱ्या रविवारी बेताचा, असं होणारच. दानपेटी फिरत नाही. दशांश लिफाफ्यातून किंवा ऑनलाइन देतात आणि पाहुण्याकडून कुणी काही मागत नाही.

2019 पासून रविवारचा कार्यक्रम दोन तासांचा झाला. त्याआधी तो तीन तासांचा होता. पहिला तास सॅक्रामेंट सभेचा, म्हणजे प्रभुभोजनाच्या सभेचा, सगळ्या कुटुंबाने एकत्र बसायचा. मग दहा मिनिटं जागा बदलायला, आणि नंतर वर्ग. 2019 च्या रचनेत पहिल्या-तिसऱ्या रविवारी बायबल किंवा इतर धर्मग्रंथांचा वर्ग, दुसऱ्या-चौथ्या रविवारी पुरुषांची आणि स्त्रियांची वेगळी सभा अशी वाटणी होती. दुसऱ्या तासाची वाटणी अधूनमधून बदलते, म्हणून या आठवड्यात काय आहे ते शेजाऱ्यांनाच विचारा. अकरा वर्षांपर्यंतची मुलं या वेळात प्रायमरीत, म्हणजे मुलांच्या वर्गात, असतात, दीड वर्षावरच्या लहानग्यांसाठी नर्सरी असते.

पहिला तास एका ठरलेल्या क्रमाने जातो. स्वागत आणि सूचना, गीत, प्रार्थना, वॉर्डाचं कामकाज, सॅक्रामेंटचं गीत, भाकर आणि पाणी, मग भाषणं, मध्ये एखादं गीत, शेवटी गीत आणि प्रार्थना. कामकाज म्हणजे कुणाला नवी जबाबदारी दिली की नाव वाचतात आणि सभासद उजवा हात वर करून पाठिंबा दाखवतात. पाहुण्यांनी हात वर करायचा नसतो. प्रार्थनेच्या वेळी हाताची घडी, मान खाली, आणि शेवटचं 'आमेन' सगळ्यांनी मोठ्याने. टाळ्या कधीच नाहीत, गाणं कितीही रंगलं तरी. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर गायनवृंदाला वाटतं गाणं पडलं.

आता भाकर-पाण्याविषयी जरा सविस्तर, कारण या चर्चची उपासना तिथेच आहे. बाकी सगळं त्याच्या अवतीभवती आहे. टेबलावरचं सगळं काम मुलांकडे असतं. बारा वर्षांचे होतात त्या वर्षापासून डीकन म्हणून ट्रे फिरवतात, चौदाव्या वर्षाचे टीचर टेबल मांडतात, सोळाव्या वर्षाचे प्रीस्ट प्रार्थना म्हणतात. भाकर म्हणजे बाजारात मिळणारा साधा पाव. द्राक्षारसाऐवजी पाणी, छोट्या कपांतून. सॅक्रामेंटचं गीत सुरू झालं की प्रीस्ट उभे राहून पावाचे तुकडे करतात. गीत संपलं की एक जण गुडघे टेकून भाकरीवरची प्रार्थना म्हणतो आणि डीकन ट्रे घेऊन निघतात. सभेच्या अध्यक्षस्थानी जो असेल त्याला आधी द्यायचं असतं, मग बाकीच्यांना. ट्रे परत आले की भाकर झाकतात, पाणी उघडतात, दुसरी प्रार्थना. ट्रे फिरत असताना गाणं नाही, वाजवणं नाही, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. फक्त तान्ह्या मुलांचे आवाज आणि कपांचा खडखडाट.

या दोन प्रार्थना शब्दशः ठरलेल्या आहेत; बायबलखेरीज या चर्चचे जे स्वतःचे धर्मग्रंथ आहेत, त्यांपैकी मॉर्मनच्या पुस्तकात मोरोनायच्या चौथ्या-पाचव्या अध्यायात आणि 'सिद्धांत आणि करार'च्या 20 व्या प्रकरणात त्या येतात. टेबलावर छापील कार्ड असतं. एखादा शब्द चुकला आणि म्हणणाऱ्याने स्वतः सुधारला नाही तर बिशप ती प्रार्थना पुन्हा म्हणायला लावतो. चुका ठरलेल्या जागी होतात. धर्मग्रंथाच्या मजकुरात दुसऱ्या प्रार्थनेत द्राक्षारसाचा शब्द आहे, तिथे पाणी म्हणायचं असतं. पुस्तकातून थेट वाचलं की जीभ घसरते. दुसरी जागा म्हणजे दोन्ही प्रार्थनांच्या शेवटाकडचा भाग. भाकरीच्या प्रार्थनेत ख्रिस्ताचं नाव स्वतःवर घ्यायला राजी असणं, त्याची सदैव आठवण ठेवणं आणि आज्ञा पाळणं या तिन्ही गोष्टी येतात. पाण्याच्या प्रार्थनेत फक्त आठवण ठेवण्याचा उल्लेख येतो. पाठ असलेला मुलगा सवयीने पहिलीचा शेवट दुसरीला जोडतो. सोळा वर्षांच्या पोराला भर सभेत पुन्हा म्हणायला लागणं जड जातं. म्हणून ईस्टरला नवख्या मुलाला बसवायचं असेल तर आदल्या दिवशी कार्डावरून दोनदा मोठ्याने वाचून घ्या आणि माइकची उंची गुडघे टेकूनच बघा.

तुम्ही घ्यायचं की नाही? हे प्रभुभोजन सभासदांसाठी, बाप्तिस्म्याच्या वेळी केलेला करार ताजा करण्यासाठी आहे; पण दुसऱ्या कुणी घेतलं तर अडवायचं नाही असा नियम आहे. घेतलंत तरी चालतं, ट्रे हातात घेऊन न घेता शेजाऱ्याकडे दिलात तरी कुणी वळून बघत नाही. घ्यायचं तर उजव्या हाताने घ्या, तशी रीत आहे. गव्हाची ॲलर्जी असेल तर आठवडाभर आधी शेजाऱ्यांना कळवा. ग्लूटेन नसलेला पाव वेगळ्या कपात ठेवायची सोय करतात, पण ऐनवेळी होत नाही.

महिन्याचा पहिला रविवार सहसा उपवासाचा. चोवीस तास अन्नपाणी नाही, वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे, आणि सभेत ठरलेली भाषणं नसतात. ज्याला वाटेल तो पुढे येऊन साक्ष देतो. पहिल्यांदाच जाणार असाल तर हा रविवार टाळा, असा माझा सल्ला आहे. वाईट असतो म्हणून नाही, पण तो वॉर्डाचा घरगुती दिवस असतो आणि नवख्याला बरेच संदर्भ लागत नाहीत.

आता ईस्टर. आपल्या मराठी मंडळींत राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारी क्रूसावरच्या सात शब्दांवरची तीन तासांची उपासना आणि मग पुनरुत्थानाची पहाट, अशी चढण असते. वसईकडच्या कॅथलिक मंडळीत तर शनिवारी रात्री पास्काची जागरण-उपासना. या चर्चला उपासना-वर्षच नाही. लेंट नाही, उत्तम शुक्रवारची सभा नाही. झावळ्या आणि याजकांचे पोशाख नाहीत. सुरुवातीचे बहुतेक सभासद न्यू इंग्लंडच्या साध्या प्रोटेस्टंट वातावरणातून आलेले होते, सणवार त्यांनी बरोबर आणलेच नाहीत. क्रूसाबद्दल संकोच आहे तो याच अंगाने: भर मेलेल्या ख्रिस्तापेक्षा उठलेल्या ख्रिस्तावर. 2020 च्या एप्रिलमध्ये चर्चने नवं बोधचिन्ह घेतलं, त्यातही थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराच्या, हात पसरून उभ्या असलेल्या पुनरुत्थित ख्रिस्ताची आकृती आहे.

शिकवणुकीत मात्र पुनरुत्थान अगदी मध्यावर आहे, आणि इथेच पाहुण्याचा घोटाळा होतो. सण साधा दिसतो म्हणून विश्वास उथळ असेल असं समजू नका. तुमच्या ओळखीच्या लूक 24, योहान 20 आणि पहिल्या करिंथकरांच्या 15 व्या अध्यायासोबत त्यांच्याकडे आणखी तीन वाचनं आहेत. मॉर्मनच्या पुस्तकातल्या 3 नीफाय 11 मध्ये उठलेला ख्रिस्त अमेरिकेतल्या लोकांना भेटतो आणि ते एकेक करून पुढे येऊन त्याच्या हातापायांच्या खुणांना हात लावतात. त्याच पुस्तकातल्या आल्मा 7 मध्ये तो माणसांची दुखणी आणि दुबळेपण स्वतःवर घेतो. 'सिद्धांत आणि करार'च्या 138 व्या प्रकरणात चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांना 3 ऑक्टोबर 1918 रोजी झालेलं दर्शन आहे: वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात ख्रिस्त मृतांच्या आत्म्यांमध्ये जातो. शनिवारची ती रिकामी जागा बहुतेक चर्चमध्ये मौनाने जाते, इथे तिला सबंध प्रकरण आहे. तरी ईस्टरच्या सभेत हे क्वचितच वाचलं जातं, याची मला खंत आहे. आणखी एक, 3 एप्रिल 1836 रोजी ओहायोतल्या कर्टलंडच्या देवळात चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर काउडरी यांनी ख्रिस्ताला पाहिल्याची नोंद त्याच ग्रंथाच्या 110 व्या प्रकरणात आहे. तो दिवस ईस्टरचाच रविवार होता.

अलीकडे बदल होतोय. 2023 पासून ईस्टरच्या रविवारी फक्त सॅक्रामेंट सभा ठेवायची, दुसरा तास नाही, असं वरून ठरलं, म्हणजे उरलेला वेळ घरी घालवता येईल. त्याच वर्षी चर्चच्या एप्रिलमधल्या जागतिक परिषदेत प्रेषित गॅरी ई. स्टीव्हनसन यांनी नाताळइतक्याच उत्साहाने ईस्टर पाळावा असं आवाहन केलं. घरच्या अभ्यासक्रमातही ईस्टरच्या आठवड्याचा वेगळा पाठ असतो, पवित्र आठवड्यातल्या एकेका दिवसाचं वाचन धरून. म्हणून उत्तम शुक्रवार शेजाऱ्यांच्या चर्चमध्ये दिसणार नाही, त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती दिसू शकेल. काही ठिकाणी मोठे सार्वजनिक कार्यक्रमही होतात. ॲरिझोनातल्या मेसा देवळाच्या हिरवळीवरचं ईस्टरचं भव्य नाट्य प्रसिद्ध आहे.

आता आखणी. हे नीट लक्षात घ्या की ईस्टरची सभा वाईट होते ती श्रद्धा कमी पडल्याने नाही. नेहमीच्या रविवारचा साचा तसाच ठेवून वर गाणी चढवली की ती फसते. साठ मिनिटं तेवढीच आहेत, आणि पुढचा वॉर्ड दारात उभा असतो. गायनवृंद तीन गीतं बसवतो, तीन वक्ते ठरतात, आणि भाकर-पाण्याला दुप्पट गर्दीमुळे पाच मिनिटं जास्त लागतात. मग शेवटच्या वक्त्याचं बोलणं गुंडाळलं जातं किंवा गायनवृंदाचं सगळ्यात चांगलं गीत गळतं. दोन्ही वेळा माणसं दुखावतात.

साठ मिनिटांचा हिशेब असा मांडावा. स्वागत 2, पहिलं गीत 4, प्रार्थना 2. सॅक्रामेंटचं गीत 3 आणि भाकर-पाणी 16. इथवर 27 मिनिटं गेली. धर्मग्रंथातली वाचनं आणि गीतं एकाआड एक, मिळून 17. एकच भाषण, 10 मिनिटांचं. शेवटचं गीत 4, प्रार्थना 2. एकही मिनिट शिल्लक नाही, म्हणून वॉर्डाचं कामकाज आदल्या रविवारी उरकायचं आणि सूचना छापील पत्रकात टाकायच्या. धर्मप्रसाराच्या मिशनवर निघालेल्या तरुणाचं निरोपाचं भाषण ईस्टरला ठेवू नये. ती मोठी सामान्य चूक आहे, कारण त्या दिवशी त्याचे नातेवाईक आयतेच जमलेले असतात आणि घरच्यांना तीच तारीख सोयीची वाटते. पण मग सगळी सभा त्या मुलाची होते.

वाचनं तीन पुरेत, प्रत्येक दोन मिनिटांच्या आतलं. योहान 20 मधली मरिया बागेत, मग 3 नीफाय 11, मग 1 करिंथकर 15 चा शेवटचा भाग, हा क्रम चांगला बसतो: आधी एकटी बाई, मग समुदाय, मग सगळी मानवजात. वाचणारे वेगवेगळ्या वयाचे घ्या, एक जण आजी-आजोबांच्या पिढीतला हवाच. प्रत्येकाला मजकूर मोठ्या अक्षरात छापून द्या. फोनवरून वाचायला लागलं की पडदा ऐन वाक्यात काळा होतो. नाट्यरूपांतर, व्हिडिओ, चित्रफिती या सभेत चालत नाहीत, तेव्हा त्यात डोकं घालवू नका.

संगीताचं काम तुमच्याकडे आहे म्हणून थोडं जास्त लिहितो. 1985 च्या इंग्रजी गीतसंग्रहात खास ईस्टरची गीतं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. 199 आणि 200 क्रमांकांची दोन सगळ्यांना येतात, ती समुदायाला गाऊ द्या, गायनवृंदाला नको. लोकांना त्या दिवशी स्वतः गायचं असतं. 2024 पासून नव्या गीतसंग्रहातली गीतं टप्प्याटप्प्याने ऑनलाइन येत आहेत, गायनवृंदासाठी तिथे बघा. वाद्यं म्हणजे मुख्यतः ऑर्गन आणि पियानो. व्हायोलिन, चेलो, बासरी सहज चालतात. तबला, ढोलकी, पेटी घ्यायची असेल तर बिशपला आधी विचारा. तालवाद्याला नकार येण्याची शक्यता जास्त, पेटीच्या साथीने एक शांत मराठी भजन मान्य होणं शक्य आहे. तसं गीत घ्यायचं तर इंग्रजी अर्थ पत्रकात छापा. ओळींचा अर्थ वाचूनच तो मजकूर सभेला योग्य आहे की नाही हे बिशपला ठरवता येतं. गायनवृंदात गाण्यासाठी चर्चचं सभासद असण्याची अट नाही.

सराव आठ आठवडे आधी सुरू करा. सहसा रविवारी सभेच्या आधी किंवा नंतर पाऊण तास मिळतो, त्याहून जास्त नाही. वॉर्डाच्या गायनवृंदात सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज) पंधरा आणि टेनर (पुरुषांचा उंच आवाज) दोन, अशी वाटणी नेहमीची. म्हणून चार आवाजांचं अवघड गीत उचलण्यापेक्षा दोन आवाजांचं नीट बसवा. शाळांची वसंतातली सुट्टी ईस्टरच्या आसपास आली तर निम्मे लोक बाहेरगावी जातात. पहिल्या सरावालाच कागद फिरवून 'ईस्टरला इथे आहात का' एवढंच लिहून घ्या, आणि त्या संख्येवरून गीत निवडा.

वक्त्याला चार आठवडे आधी सांगा आणि विषय एका वाक्यात लिहून द्या. नुसतं 'ईस्टरवर बोला' म्हटलं की घरच्या अंडी शोधण्याच्या खेळापासून वसंतातल्या फुलांपर्यंत सगळं येतं आणि थडगं शेवटच्या मिनिटात. 'उठलेल्या ख्रिस्ताने थोमाला काय दाखवलं' असं नेमकं दिलं की माणूस नेमकं बोलतो. वर्षभरात कुणी जवळचं माणूस गमावलं असेल तर त्याला बोलवावं का? त्याने स्वतः होकार दिला तर जरूर, पण त्याच्यावर गळ घालू नका.

गर्दीचं गणित भाकरीपासून करा. ईस्टरला नातेवाईक येतात, एरवी न येणारे येतात, मागचा हॉल उघडतो. नेहमीच्या रविवारी किती कप लागतात हे टेबल मांडणाऱ्या मुलांना माहीत असतं. त्याच्या दीडपट मांडायला सांगा. पाण्याच्या एका ट्रेमध्ये तीस-चाळीस कप बसतात. पाव एक जादा आणून ठेवा, आणि तो फ्रीझरमधला असेल तर आदल्या रात्रीच बाहेर काढा, गोठलेला पाव तुटत नाही, चुरा होतो. मध्येच भाकर संपली तर नवीन तोडून त्यावर प्रार्थना पुन्हा म्हणावी लागते, त्यात पाच मिनिटं जातात आणि मुलं गांगरतात. त्याहून नेहमीची चूक म्हणजे मागच्या हॉलला डीकनच नसणं. पुढच्या बाकांचे मार्ग मुलांना पाठ असतात, मागच्या खुर्च्यांचे नसतात. दोघं एकाच रांगेत जातात आणि शेवटच्या दोन रांगा राहून जातात. सभेआधी दहा मिनिटं मुलांना मागे नेऊन कोण कुठून सुरू करणार ते पायी चालून दाखवा. मुलं कमी पडली तर मोठी माणसं मदतीला घेता येतात. हॉलमधल्या खुर्च्या शनिवारीच मांडा. सभा सुरू झाल्यावर लोखंडी खुर्च्या उघडल्या की पहिली प्रार्थना कुणाला ऐकू येत नाही. मागचे स्पीकर चालू आहेत का, तेही तेव्हाच बघा.

पेहराव: पुरुषांना बहुधा पांढरा शर्ट आणि टाय, बायकांना ड्रेस किंवा स्कर्ट. साडी, सलवार-कमीज उत्तम. लोक एकमेकांना ब्रदर, सिस्टर लावून आडनावाने हाक मारतात, तुम्हालाही मारतील. बाळ रडलं तर बाहेर फॉयरमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, सोफे आणि स्पीकर असतात, तिथून ऐकू येतं.

सभेनंतर जेवायला बोलावणं येईलच. भाजलेलं हॅम, चीज घातलेल्या बटाट्यांचं कॅसरोल, पाव, जेलोचं सॅलड हा युटाचा ठरलेला बेत. चहा, कॉफी, दारू त्यांच्यात वर्ज्य आहे, तेव्हा भेट म्हणून मसाला चहाची पुडी किंवा वाइन नेऊ नका. नारळाच्या वड्या किंवा करंज्या न्या. काजू-बदाम घातले असतील तर आधी सांगा, मुलांना ॲलर्जी असते. बरेच सभासद रविवारी खरेदी करत नाहीत, त्यामुळे काही आणायचं कबूल केलं असेल तर शनिवारी घ्या. अंडी शोधण्याचा मुलांचा खेळही बऱ्याच घरांत शनिवारीच होतो, रविवार मोकळा राहावा म्हणून.

पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांनी विचारलं तर त्यांना सांगा की तिथल्या मंडळ्या लहान आहेत. भारतातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक वॉर्डांचा मिळून विभाग, 2012 मध्ये हैदराबादला झाला. बंगळुरूच्या देवळाची घोषणा नेल्सन यांनी 1 एप्रिल 2018 च्या परिषदेत केली, आणि तो दिवसही ईस्टरचाच होता. ब्रँचमध्ये, म्हणजे वॉर्डापेक्षा लहान मंडळीत, ऑर्गन नसतो, टेबलावर एखादा मुलगा आणि दोन प्रौढ असतात, गायनवृंद बहुधा नसतोच. तिथे वरच्या हिशेबातलं वाचन, एक भाषण आणि समुदायाची गीतं एवढंच ठेवलं की सभा व्यवस्थित होते.

शेवटी तारखेचा पेच, जो दर काही वर्षांनी येतो. चर्चची जागतिक परिषद एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी सॉल्ट लेकहून प्रक्षेपित होते, आणि त्या रविवारी स्थानिक सभा नसतात. 2018, 2021 आणि 2026 मध्ये ईस्टर नेमका त्याच रविवारी आला. अशा वर्षी वॉर्डाचा ईस्टरचा कार्यक्रम आधीच्या किंवा नंतरच्या रविवारी घ्यावा लागतो. माझं मत आधीच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी घ्यावा असं आहे, कारण परिषदेनंतर लोकांचं मन पुढे गेलेलं असतं. दुसरा पेच उपवासाचा. पहिला रविवार परिषदेने घेतला की उपवासाची सभा पुढेमागे सरकते, आणि ईस्टर दुसऱ्या रविवारी असेल तर ती त्याच्यावरच येऊन आदळू शकते. मग गायनवृंदाला जागाच उरत नाही. फेब्रुवारीतच बिशपकडून तारीख लेखी घ्या. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आणि 2028 मध्ये 16 एप्रिलला आहे, दोन्ही मोकळे. 2029 मध्ये 1 एप्रिलला, म्हणजे पुन्हा परिषदेच्या रविवारी.